आल्यागेल्याचा हंडा

कुडपणला मी पहिल्यांदा गेले ते 2022 च्या मे महिन्यात. आमच्या शाळेतले शिपाईमामा तिथले. आठवडाभर महाडला खोली घेऊन राहतात आणि शनिवारी दुपारची शाळा सुटली की गावाकडे निघतात. रमजान ईदला शिरखुर्मा प्यायला घरी आले होते, तेव्हा म्हणाले, "बाई, आता आमचा फणस खायला या. दरसाल नुसतं येते येते म्हणता." सुट्टी होती, मुलगाही मागे लागला, म्हणून आम्ही तिघं निघालो.

पोलादपूर सोडून गाडी वर चढायला लागली की महाडचा घाम मागे राहतो. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, त्या डोंगरातलं हे गाव. पावसाळ्यात इथले धबधबे बघायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात. मी गेले तेव्हा मात्र कड्यावर नुसत्या काळ्या ओल्या रेघा होत्या. पऱ्ह्यात पाणी नव्हतं, गोटे होते.

मामींनी ओटीवर बसवलं, आधी गुळाचा खडा आणि मग तांब्या-भांडं पुढे केलं. पाणी इतकं थंड होतं की मी दोन भांडी प्यायले. तिसरं माझ्या मुलाने मागितलं, अर्धं प्यायला आणि उरलेलं सवयीने अंगणात फेकलं. मामी काही बोलल्या नाहीत. मामांनीच हसत सांगितलं, "बाळा, इथं पाणी टाकायचं न्हाय. उरलं तर त्या डोणीत वत, गुरं पितात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "इतका पाऊस पडतो तुमच्याकडे, तरी?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं, कारण तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात हे दर उन्हाळ्यात वाचतेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा भाग. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार असा की पडलेलं पाणी थांबायचं नाव घेत नाही. ऑगस्टमध्ये जे दारातून धावत जातं, ते सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला मिळून मोकळं होतं. मागे उरतात ते डोंगराच्या कुशीतले झरे. त्यातल्या एका झऱ्यावरून मामांच्या वाडीत सायफनने पाणी येतं. मे महिन्यात झऱ्याची धार करंगळीएवढी होते. मग नंबर लावून, वाटी-वाटीने हंडे भरायचे.

जेवायच्या आधी मी मामींच्या मागे स्वयंपाकघरात गेले. पाण्याची एवढी नीटनेटकी व्यवस्था मी कुणाच्या घरात पाहिली नव्हती. लाकडी मांडणीवर तांब्याचे दोन हंडे आणि एक माठ. तिन्हींवर झाकण आणि झाकणावर धुतलेलं फडकं. हे पिण्याचं. त्यात हात किंवा भांडं बुडवायचं नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. बाहेर न्हाणीपाशी वापरायच्या पाण्याचा ड्रम आणि त्यापलीकडे गुरांची दगडी डोण. पाणी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरत जातं. तांदूळ धुतलेलं पाणी डोणीत, भांडी राखेने घासून पहिल्यांदा विसळलेलं पाणी अळूच्या वाफ्यात. रोज सकाळी हंड्यातलं कालचं उरलेलं पाणी ड्रममध्ये जातं आणि हंडा घासून ताजा भरला जातो. त्यामुळे साठा कायम असतो, पण शिळा कधीच नसतो.

मांडणीच्या टोकाला आणखी एक छोटा पितळी हंडा होता. मी विचारलं, हा कसला?

"त्यो आल्यागेल्याचा," मामी म्हणाल्या. "घरात धरायचा न्हाय. आपलं संपलं तरी त्याला हात लावायचा न्हाय. दुपारचं कोण वाटंनं आलं, शेजारची एखादी नंबर चुकून रिकामी परत आली, तर त्यातलं." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तुमच्याकडं पाणी किती दिसाचं असतं?"

मी गप्प बसले. आमच्याकडे पाणी किती 'वाजता' येतं हे मला माहीत होतं. किती दिवसांचं असतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आणि त्या पितळी हंड्याकडे बघताना मला दहा महिन्यांपूर्वीचा एक आवाज ऐकू येत होता. तो आवाज माझाच होता. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

2021 ची बकरी ईद 21 जुलैला, बुधवारी आली. कोरोनाचे दिवस होते. नमाज घरातच झाली, पाहुणे बेताचेच होते. पण ईद म्हटल्यावर धुणं-पुसणं आलंच. अंगण धुतलं, मोरी धुतली, मोठाली तपेली घासली. संध्याकाळपर्यंत गच्चीवरची टाकी तळाला गेली. मी मिस्टरांना म्हटलं, राहू दे, सकाळी पंप लावू.

ती सकाळ आलीच नाही म्हणायची. रात्री वीज गेली. बाहेर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. पहाटे गल्लीत पाणी शिरलं आणि बघता बघता ते उंबऱ्यावरून आत, खाटेवर, फ्रीजवर गेलं. आमचं घर एकमजली. खाली आम्ही पाच जण, वर भाडेकरू तिघं. मागच्या बैठ्या घरातले म्हातारा-म्हातारी, त्यांची सून आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ यांना आम्ही कसंबसं वर घेतलं. उजाडलं तेव्हा वरच्या दोन खोल्यांत आम्ही बारा माणसं होतो. जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. सावित्री आणि गांधारी एकमेकींना महाडच्या बाजारपेठेत भेटल्या होत्या.

आता हिशेब बघा. भाडेकरू भाबींच्या पिंपात जेमतेम वीस लिटर पाणी आणि चार बाटल्या. गच्चीच्या टाकीच्या तळाशी गाळमिश्रित थोडंसं. आमची मोठी टाकी जमिनीखाली, ती पुराच्या पोटात. भाबींचा सिलेंडर ईदच्या बिर्याणीत संपत आलेला. गुरुवारी दुपारी बाळाच्या दुधासाठी एक पातेलं पाणी उकळलं आणि तोही गेला. भरलेला सिलेंडर खाली, जिन्याखाली. नुसतं पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरलं तरी बारा माणसांना दिवसाला छत्तीस लिटर लागतात. आमच्याकडे एका दिवसाचंही पाणी नव्हतं. चहूबाजूंनी मात्र पाणीच पाणी, त्यात डिझेलचा तवंग, गटाराची घाण, मेलेली जनावरं.

मी शिक्षिका आहे, वर्गावर ताबा ठेवायची सवय आहे. मी पिंपाचा ताबा घेतला. बाळासाठी इतकं, अम्मींच्या गोळ्यांसाठी इतकं, बाकीच्यांना अर्धा-अर्धा पेला. गुरुवारी दुपारनंतर कधीतरी गल्लीच्या पलीकडच्या माडीवरून शेजारणीने हाक मारली. गल्ली आठ-दहा फुटांची. तिच्या मुलीला सकाळपासून उलट्या होत होत्या. ती ओरडून म्हणाली, "भाबी, चांगलं पाणी आहे का थोडं? एक बाटली टाका!"

मी म्हटलं, "नाही गं, आमच्याकडेच नाही."

पिंपात तेव्हा दहा-बारा लिटर होतं. एक बाटली गेली असती तर कुणी मेलं नसतं. पण मला बारा तोंडं दिसत होती आणि पूर कधी उतरेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आत गेली. मी वळले तर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, ईदची घासून ठेवलेली तपेली गॅलरीत ओढत नेली आणि पत्र्याच्या पागोळीखाली लावली. पहिलं भरलेलं तपेलं ओतून दिलं, कारण पत्र्यावर कबुतरांची घाण आणि शेवाळ. दुसरंही ओतलं. तिसऱ्यावर आपली ओढणी चौपदरी करून बांधली. मग कठड्याला धरून पलीकडे ओरडल्या, "बेटी, बादली लाव पागोळीला! पहिलं पाणी टाकून दे, मग गाळून घे!"

आकाशातून नियामत कोसळत होती आणि माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला ते सुचलं नव्हतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे मुलांना सांगायला मला आवडतं. दहा फूट बाय वीस फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर अठराशे लिटर होतात. महाबळेश्वरला 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत 590 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. आमच्या पत्र्यावर किती पडला कुणी मोजला नाही, पण तपेली भरायला वेळ लागत नव्हता. ते पाणी आम्ही उकळू शकलो नाही, तसंच प्यायलो. बाळासाठी पिंपातलंच ठेवलं. शुक्रवारी पाणी उतरलं आणि गुडघाभर चिखल उरला.

त्याच दिवसांत तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडींखाली माणसं गेली. त्यांच्यापुढे माझ्या बाटलीची गोष्ट काय? म्हणूनच मी ती कधी सांगितली नाही. पलीकडची मुलगी दोन दिवसांत बरी झाली आणि शेजारणीने तो विषय कधी काढला नाही. पण आतल्या आत तो "आमच्याकडेच नाही" काही जाईना.

कुडपणच्या स्वयंपाकघरात मी मामांना विचारलं, त्या दिवसांत तुम्ही काय केलंत? शाळा बंद असल्यामुळे ते गावीच होते. म्हणाले, "रस्ता दरडीनं बंद, लाईट न्हाय, वरचा पाइप वाहून गेला. पण पाण्याचं काय न्हाय वाटलं बाई. घरात चार दिसाचं असतंच. पागोळीखाली ड्रम असतोच. शेजारच्या घरातली माणसं भीतीनं आमच्याकडं झोपायला आली, ती पण प्यायली."

त्यांच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता. त्या घरातल्या लोकांचं काळीज माझ्यापेक्षा मोठं आहे असंही मी म्हणणार नाही. फरक मांडणीवर होता. ज्याच्या घरात चार दिवसांचं पाणी आहे, त्याला एक बाटली देताना विचार करावा लागत नाही. ज्याच्या पिंपात अर्ध्या दिवसाचं आहे, तो शेजारणीशी खोटं बोलतो. टंचाई भोगलेल्या गावाने साठवायची शिस्त बाणवली, आणि रोज नळ येणाऱ्या आम्ही ती कधीच सोडून दिली. साठा करणं म्हणजे आपमतलबीपणा असं मला वाटायचं. अनुभव उलटा आला. साठा नसतो तेव्हा माणूस आपमतलबी होतो.

आणि हे घडलं कुठे? महाडमध्ये. चवदार तळं आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. नगरपालिकेने 1924 साली ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी दलितांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. आम्हा मुसलमानांना येत होतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'बाटलं' म्हणून 108 घागरी ओतून त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. दर 20 मार्चला मी वर्गात हे सांगते. फत्तेखानांचं नाव सांगताना आवाज थोडा चढतोही. पुरानंतरच्या मार्चमध्ये तो चढला नाही.

आपल्या दीनमध्ये पाण्याबद्दल जे आहे, ते आपण बहुतेक वेळा फक्त पाकी-नापाकीपुरतं शिकतो. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटरमध्ये. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत उधळपट्टी करू नका, अशी ताकीद त्यांनी दिल्याची हदीस सर्वांना पाठ असते. मी एकदा नळ चालू ठेवून वुजू केली आणि खाली बादली ठेवली. सहा लिटर भरले. लोट्याने केली तेव्हा एका लिटरात झाली.

पण कुडपणहून आल्यावर मला फिकहमधला आणखी एक मसला आठवला. लहानपणी मदरशात घोकला होता, समजला नव्हता. जवळ पाणी आहे, पण ते पिण्यासाठी लागणार आहे, तर त्याने वुजू करू नये, तयम्मुम करावं. आणि ही तहान फक्त स्वतःची धरायची नाही. सोबत्याची तहानही धरायची, सोबतच्या जनावराचीही धरायची. म्हणजे अल्लाहसमोर उभं राहण्यासाठी लागणाऱ्या पाण्यावरही शेजाऱ्याच्या तहानेचा हक्क आधी. मामींना फिकह ठाऊक नाही, पण त्यांच्या पितळी हंड्यात आणि गुरांच्या डोणीत तोच मसला भरलेला होता.

आता घरी काय करते ते सांगते. यात काही मोठं शास्त्र नाही, कुणालाही जमेल.

वरच्या मजल्यावर वीस लिटरचे सहा तोटीवाले कॅन आहेत. पाणी साठवायचं ते पूर येणार नाही अशा उंचीवर, ही पहिली अक्कल. आम्ही पाच जण. प्यायला आणि रांधायला माणशी चार-पाच लिटर धरले तर पाच कॅन चार दिवस पुरतात. सहावा कॅन हिशेबात धरत नाही. त्यावर मुलाने पेनने लिहिलं आहे : आल्यागेल्याचा.

दर जुम्म्याला सकाळी कॅन रिकामे करून धुते. जुनं पाणी फेकत नाही, धुण्याला वापरते. यामुळे पाणी ताजं राहतं आणि डासांची अळीही धरत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि त्याला साधारण आठवडा लागतो. तो आठवडा पुरा होऊ द्यायचा नाही. बाहेरच्या ड्रमवर घट्ट कापड बांधलेलं असतं.

ड्रम घेताना एक काळजी. आमच्याकडे कारखान्यांतून आलेले जुने निळे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यात आधी कोणतं रसायन होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कितीही धुतला तरी तो ड्रम पाण्याला वापरू नका. खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलाच घ्या.

क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी औषधांच्या डब्यात असते. गढूळ पाणी आधी निवू द्यायचं, चौपदरी कापडातून गाळायचं, मग वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. उकळता आलं तर उत्तमच, खळखळून उकळी येऊन एक मिनिट जाऊ द्यायचं. त्यासाठी भरलेला सिलेंडर जूनपासून वरच असतो. पागोळीला अर्ध्या पाइपची पन्हळ लावली आहे. पहिल्या पावसाचं पाणी सोडून देतो, नंतरचं ड्रममध्ये. ते धुण्याभांड्यांना, आणि वेळ आलीच तर गाळून, गोळी टाकून प्यायलाही.

आणि ईदच्या दिवशी, कितीही दमलो तरी, झोपण्यापूर्वी टाकी भरायची.

गेल्या बकरी ईदला कुर्बानीचा हिस्सा घेऊन मी स्वतः पलीकडे गेले. चहा झाला आणि मी ते सांगून टाकलं : त्या दिवशी पिंपात पाणी होतं, मी खोटं बोलले. शेजारीण थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "भाबी, मी हाक मारली होती हेसुद्धा मला आठवत नाही. मला अम्मी आठवतात, बादली लाव म्हणून ओरडणाऱ्या." तिला खरंच आठवत नव्हतं की माझी लाज राखायला तसं म्हणाली, कोण जाणे. उर्दूत पाण्याला 'आब' म्हणतात, आणि मराठीत आपण 'आब राखणं' म्हणतो ते प्रतिष्ठेबद्दल. वर्गात दोन्ही शिकवते. माझी आब त्या दिवशी तिने राखली.

निघताना तिने तिच्या माडीवरचे कॅन दाखवले. चार होते. मी म्हटलं, एक आणखी ठेव, पण तो घरात धरू नकोस.

तुम्हालाही मामींचाच प्रश्न विचारते. तुमच्याकडे पाणी किती दिवसांचं असतं? आणि त्यात दाराबाहेरचं कोण धरलेलं असतं?